इंग्रजीतून स्पॅनिशमध्ये जाताना: शब्द आणि व्याकरणाच्या संज्ञांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न मुंबईत दोन प्रकारचे लोक विचारतात. एक, दादर-ठाण्याला संध्याकाळी स्पॅनिशच्या वर्गाला जाणारे. दुसरे, अंधेरी-पवईच्या ऑफिसांत मेक्सिको किंवा स्पेनच्या ग्राहकांचं काम करणारे, ज्यांच्या पुढ्यात इंग्रजी मजकूर येतो आणि तो संध्याकाळपर्यंत स्पॅनिशमध्ये हवा असतो. खाली स्पॅनिश शब्द देवनागरीत दिले आहेत. त्यातला 'ख' घशातून काढायचा, 'ख़बर'मधल्यासारखा. स्पेनमध्ये जिथे 'थ' म्हणतात तिथे लॅटिन अमेरिकेतला 'स' लिहिला आहे, आणि 'ब' व 'व' या दोन्हींसाठी 'ब', कारण स्पॅनिश कानाला त्यांत फरक नाही.

माझं शिक्षण मराठी माध्यमात झालं. स्पॅनिश व्याकरण इंग्रजीतून समजून घ्यावं लागेल का?

पुस्तकं इंग्रजीत असतात, म्हणून इंग्रजी नावं ओळखीची हवीत. पण समजून घ्यायला मराठी जास्त उपयोगी पडते, आणि हे मी मराठीच्या अभिमानापोटी म्हणत नाही.

'मला कॉफी आवडते' घ्या. स्पॅनिशमध्ये 'मे गुस्ता एल काफे'. 'मला आंबे आवडतात' म्हणजे 'मे गुस्तान लोस मांगोस'. आवडणारी वस्तू अनेकवचनी झाली की क्रियापदही अनेकवचनी, आणि ज्याला आवडतं तो 'मला'च्या रूपात बाजूला. इंग्रजीवाल्याला इथे कर्ता आणि कर्म यांची अदलाबदल शिकवावी लागते. आपल्याला काहीच करावं लागत नाही.

दुसरं उदाहरण. 'मी सिनेमा पाहिला', पण 'मी मारियाला पाहिलं'. माणूस आला की आपण 'ला' लावतो. स्पॅनिश तिथे 'आ' लावते: 'बी ला पेलिकुला', पण 'बी आ मारिया'. इंग्रजीत हा भेदच नाही, त्यामुळे इंग्रजी वाक्य समोर ठेवून भाषांतर करणारे हा 'आ' हमखास गाळतात. वाक्य आधी मनात मराठीत म्हणून पाहा, 'ला' स्वतःहून येईल.

मग मराठी दगा कुठे देते?

लिंगात. आपली तीन, स्पॅनिशची दोन, आणि जुळवाजुळव करण्यात अर्थ नाही. टेबल आपल्याकडे नपुंसकलिंगी, तिकडे 'ला मेसा' स्त्रीलिंगी. नाम पाठ करताना 'एल' किंवा 'ला' सकट पाठ करा.

'आम्ही' आणि 'आपण' यांतही. ऐकणारा धरून की वगळून, हे स्पॅनिशचं 'नोसोत्रोस' सांगत नाही. उलट बोलणाऱ्या सगळ्या बायका असतील तर 'नोसोत्रास' होतं, जे आपल्याकडे नाही.

आणि 'आहे'मध्ये. आपल्या एका 'असणे'चे तिकडे 'सेर' आणि 'एस्तार' असे दोन भाग होतात. 'बर्फ थंड असतो' आणि 'चहा थंड झालाय' यांत आपल्याला जो फरक जाणवतो, तो 'एल इएलो एस फ्रीओ' आणि 'एल ते एस्ता फ्रीओ' इथे थोडाफार सापडतो. पण तो धागा फार ताणू नका. वस्तू किंवा माणूस कुठे आहे हे 'एस्तार'ने सांगतात, मात्र कार्यक्रम कुठे आहे हे 'सेर'ने: दादरला लग्न असेल तर 'ला बोदा एस एन दादर'. हा नियम मराठीतून काढता येत नाही, तो सरळ लक्षात ठेवावा लागतो.

शब्दांच्या जातींना स्पॅनिशमध्ये काय म्हणतात?

नाम म्हणजे 'सुस्तान्तिबो' किंवा नुसतं 'नोम्ब्रे'. विशेषनाम 'नोम्ब्रे प्रोपिओ'. सर्वनाम 'प्रोनोम्ब्रे', विशेषण 'आद्खेतिबो', क्रियापद 'बेर्बो', क्रियाविशेषण 'आद्बेर्बिओ', उभयान्वयी अव्यय 'कोन्खुन्सिओन', केवलप्रयोगी 'इन्तेर्खेक्सिओन'. आपलं शब्दयोगी अव्यय नामाच्या मागे लागतं, तिकडचं 'प्रेपोसिसिओन' इंग्रजीसारखं पुढे बसतं. यांत अडण्यासारखं काही नाही.

अडतं ते पुढच्या पायरीवर. इंग्रजी 'सेंटेन्स' म्हणजे व्याकरणात 'ओरासिओन'. 'सेन्तेन्सिआ' लिहिलंत तर तो कोर्टाचा निकाल होतो. (आणि 'ओरासिओन'चा दुसरा अर्थ प्रार्थना.) 'सब्जेक्ट' हा तर तीन तोंडांचा शब्द आहे. व्याकरणातला कर्ता 'सुखेतो', ईमेलचा विषय 'आसुन्तो', शाळेतला विषय 'आसिग्नातुरा' किंवा 'मातेरिआ'. शाळेच्या ॲपमध्ये गणित आणि भूगोल यांच्या वर 'सुखेतो' असं शीर्षक आलं तर वाचणारा चक्रावेल, कारण बोलीत 'सुखेतो' म्हणजे कोणी एक इसम. नुसत्या शब्दांची एक्सेल शीट भाषांतराला आली की म्हणूनच आधी विचारावं: हा शब्द स्क्रीनवर कुठे दिसणार आहे? क्लायंटला हा प्रश्न आवडत नाही, तरी विचारावा.

कर्माच्या बाबतीत स्पेनच्या शाळांत 'कोम्प्लेमेन्तो दिरेक्तो' जास्त ऐकू येतं, लॅटिन अमेरिकेत 'ओब्खेतो दिरेक्तो'. दोन्ही बरोबर, एका मजकुरात एकच ठेवा.

भूतकाळाच्या नावांचा इतका गोंधळ का आहे?

कारण एकाच रूपाला दोन-तीन नावं आहेत आणि ती देशागणिक बदलतात. त्यावर इंग्रजी नावांची भर.

'मी गायलो' या अर्थाचं 'कान्ते' घ्या. स्पॅनिश अकादमी, म्हणजे 1713 साली माद्रिदमध्ये स्थापन झालेली रिआल आकादेमिआ, त्याला 'प्रेतेरितो पेर्फेक्तो सिम्प्ले' म्हणते. परदेशी विद्यार्थ्यांच्या पुस्तकांत तेच 'प्रेतेरितो इन्देफिनिदो' असतं. आणि मेक्सिकोचं शालेय पुस्तक उघडलंत तर नुसतं 'प्रेतेरितो'. ही तिसरी पद्धत आंद्रेस बेल्यो या व्हेनेझुएलात जन्मलेल्या आणि चिलीत स्थायिक झालेल्या पंडिताची. त्यांनी 1847 साली खास अमेरिका खंडातल्या लोकांसाठी स्पॅनिश व्याकरण लिहिलं आणि काळांना नवी, हिशेबी नावं दिली. 'कान्ताबा' ('गात होतो') हे 'कोप्रेतेरितो', 'ए कान्तादो' ('गायलो आहे') हे 'आन्तेप्रेसेन्ते', 'कान्तारिआ' ('गाईन असं म्हणालो' यातलं 'गाईन') हे 'पोसप्रेतेरितो'. नावातच काळाचं स्थान: वर्तमानाच्या आधीचा, भूताच्या नंतरचा. मला स्वतःला बेल्योंची नावं अकादमीच्या नावांपेक्षा शहाणी वाटतात, पण तुमच्या परीक्षेत जी नावं असतील ती वापरा.

आता खरा सापळा. इंग्रजीतला 'पास्ट परफेक्ट' म्हणजे आपलं 'गेलो होतो'. शब्दाला शब्द ठेवला तर 'प्रेतेरितो पेर्फेक्तो' होतं. पण स्पॅनिशमध्ये नुसतं 'प्रेतेरितो पेर्फेक्तो' म्हटलं की बहुतेक वेळा 'गेलो आहे' समजलं जातं, म्हणजे इंग्रजीचा 'प्रेझेंट परफेक्ट'. 'गेलो होतो'चं नाव 'प्लुस्कुआम्पेर्फेक्तो'. व्याकरणाचं पुस्तक किंवा भाषा शिकवणारं ॲप भाषांतरित करताना ही एक चूक अख्खा धडा उलटा करते.

'इम्पेर्फेक्तो' (वरचं 'कान्ताबा') कधी आणि 'इन्देफिनिदो' (वरचं 'कान्ते') कधी? इंग्रजीत तर दोन्हीकडे एकच रूप दिसतं.

म्हणूनच इंग्रजीवरून ठरवू नका. 'लहानपणी आम्ही गिरगावात राहायचो' इथे आपण 'राहिलो' म्हणत नाही. हे 'राहायचो' म्हणजे 'बिबिआमोस'. 'गिरगावात आम्ही दहा वर्षं राहिलो, मग डोंबिवलीला आलो' इथे हिशेब बंद झाला: 'बिबिमोस दिएस आन्योस'. इंग्रजी दोन्ही वाक्यांत तेच एक क्रियापद वापरून मोकळी होते. मराठीला निवड करावी लागते आणि स्पॅनिशलाही.

'जायचो, खायचो, भेटायचो' किंवा 'जात होतो, खात होतो' असं तोंडात आलं की 'इम्पेर्फेक्तो'. 'गेलो, खाल्लं, भेटलो' आलं की दुसरं. दहातल्या बहुतेक वाक्यांना हे पुरतं. न पुरणारी वाक्यं ओळखीच्या क्रियापदांत निघतात: 'साबिआ' म्हणजे 'मला माहीत होतं', पण 'सुपे' म्हणजे 'मला कळलं'. इथे आपण क्रियापदच बदलतो.

'जेरंड'ला स्पॅनिशमध्ये 'खेरुन्दिओ' म्हणायचं ना?

नाव तेच, वस्तू वेगळी. सर्वांत जास्त चुका इथे होतात, म्हणून जरा थांबून पाहू.

इंग्रजीत पोहणं या क्रियेचं नाम करायचं तर 'स्विमिंग', आणि त्याला 'जेरंड' म्हणतात. स्पॅनिश तिथे मूळ क्रियापद ठेवते: 'नादार एस बुएनो', पोहणं चांगलं. आपलं 'पोहणं' हे धातुसाधित नामही तसंच मूळ रूपासारखं दिसतं. स्पॅनिश 'खेरुन्दिओ' म्हणजे 'नादान्दो', आणि ते आहे आपलं 'पोहत': 'येगो नादान्दो', तो पोहत आला. म्हणजे धातुसाधित क्रियाविशेषण. हॉस्पिटलच्या भिंतीवरची धूम्रपानाची पाटीही याच नियमाने 'प्रोइबिदो फुमार' अशी असते, 'फुमान्दो' नाही.

तिसरं रूप त्याहून त्रासदायक. 'पोहणारा मुलगा', 'पोहत असलेला मुलगा' हे धातुसाधित विशेषण. इंग्रजी तिथेही तेच '-इंग' लावते. स्पॅनिशमध्ये मात्र 'खेरुन्दिओ' नामाला विशेषणासारखं चिकटवणं चूक मानतात. एक्स्पोर्टच्या कागदांत हे रोज दिसतं. '20 नग असलेली पेटी' या इंग्रजी ओळीचं 'उना काखा कोन्तेनिएन्दो 20 उनिदादेस' असं भाषांतर होतं. बरोबर रूप 'उना काखा के कोन्तिएने 20 उनिदादेस', अक्षरशः 'जिच्यात 20 नग आहेत अशी पेटी'. मराठीत आपण 'असलेली' म्हणतो की 'असत', एवढं स्वतःला विचारलं तरी पेटी सुटते. अपवाद मोजके: 'आगुआ इर्बिएन्दो', उकळतं पाणी, सगळे म्हणतात आणि चालतं.

'सब्जन्क्टिव्ह' मराठीत आहे का?

तंतोतंत नाही, पण 'यावं, करावं, जावं' हे जवळचे नातेवाईक. 'तू यावंस अशी माझी इच्छा आहे' म्हणजे 'किएरो के बेंगास'. इच्छा, विनंती, सल्ला यांच्यामागे मराठीत 'वं' येत असेल तर स्पॅनिशमध्ये बहुधा 'सुब्खुन्तिबो'.

पण भविष्यातल्या 'जेव्हा'ला ही युक्ती लागू पडत नाही. 'पोहोचलास की कळव' इथे आपण चक्क भूतकाळी रूप वापरतो, इंग्रजी वर्तमानकाळी, आणि स्पॅनिश 'सुब्खुन्तिबो': 'कुआन्दो येगेस, आबिसामे'. तीन भाषा, तीन वाटा.

कर्मणी प्रयोगाचं काय? इंग्रजी रिपोर्टमध्ये तो ओळीओळीला असतो.

स्पॅनिशमध्ये 'सेर' लावून कर्मणी होतो, पण ओळीओळीला वापरला तर भाषा सरकारी परिपत्रकासारखी होते. तिकडे 'से' वापरतात: 'से आब्ला एस्पान्योल', इथे स्पॅनिश बोलली जाते.

याच 'से'चा एक प्रकार मला फार आवडतो. 'से मे कायो एल बासो', माझ्या हातून ग्लास पडला. मी पाडला नाही, पडला. फक्त माझ्या हातून. इंग्रजीत सरळ 'मी पाडला' असं कबूल करावं लागतं. स्पॅनिश आणि मराठी दोघींनी अंग काढून घेण्याची सोय व्याकरणातच केली आहे.

दिसायला इंग्रजीसारखे पण अर्थाने वेगळे असे शब्द कोणते?

'एम्बारासादा' म्हणजे गरोदर, हे सगळ्यांना पहिल्या आठवड्यात कळतं आणि त्यावर हसूनही होतं. 'एक्सितो' म्हणजे यश (बाहेर जाण्याचा रस्ता 'सालिदा'), 'कार्पेता' म्हणजे फाइल किंवा फोल्डर, 'लिब्रेरिआ' पुस्तकांचं दुकान (वाचनालय 'बिब्लिओतेका'), स्पेनमध्ये 'कोन्स्तिपादो' म्हणजे सर्दी झालेला.

हे शब्द विनोदी आहेत म्हणून निरुपद्रवी. चूक झाली की लगेच दिसते. भीती वाटावी अशा शब्दांनी वाक्य बिघडलेलं दिसतच नाही. 'आक्तुआल्मेन्ते' म्हणजे 'सध्या', 'खरं तर' नव्हे. 'एबेन्तुआल्मेन्ते' म्हणजे 'कदाचित, प्रसंगी', 'शेवटी' नव्हे. करारात 'कंपनी शेवटी पैसे देईल'चं 'कंपनी प्रसंगी पैसे देईल' झालं तर वाचणाऱ्याला काहीच खटकत नाही, थेट वसुलीच्या वेळी खटकतं.

वैद्यकीय मजकुरात याहून वाईट घडू शकतं. 1980 साली अमेरिकेत फ्लोरिडामध्ये बेशुद्ध झालेल्या एका 18 वर्षांच्या मुलाच्या घरच्यांनी त्याच्याबद्दल 'इन्तोक्सिकादो' हा शब्द वापरला. त्यांना म्हणायचं होतं, खाण्यातून काहीतरी बाधलंय. तो शब्द इंग्रजी अर्थाने घेतला गेला आणि अमली पदार्थांचा अतिरेक समजून उपचार झाले. प्रत्यक्षात मेंदूत रक्तस्राव होता. मुलगा कायमचा अपंग झाला आणि नुकसानभरपाईची रक्कम सुमारे 7.1 कोटी डॉलरवर गेली. औषधांच्या माहितीपत्रकांचं काम करणाऱ्यांनी एवढा एक शब्द तरी विसरू नये.

'बिलियन'ला 'बियोन' लिहिलं तर चालेल?

नाही. इंग्रजी बिलियन म्हणजे 100 कोटी. स्पॅनिशमध्ये तो 'मिल मियोनेस', हजार दशलक्ष. 'बियोन' म्हणजे एकावर बारा शून्यं, आपल्या हिशेबात 1 लाख कोटी. हजारपटीची चूक. बीकेसीतल्या फायनान्सवाल्यांनी आकडा आधी कोटीत उतरवून घ्यावा आणि मग स्पॅनिशमध्ये न्यावा.

स्वल्पविराम आणि टिंबही तपासा. स्पेन, अर्जेंटिना, कोलंबियात दशांशाला स्वल्पविराम वापरतात. मेक्सिकोत आपल्यासारखं टिंब. आपलं 1,500 स्पेनमधला माणूस दीड वाचू शकतो.

'यू'चं भाषांतर काय करायचं?

क्लायंटला विचारायचं. 'तू' म्हणजे चक्क आपलं 'तू', उच्चारही तोच. 'उस्तेद' म्हणजे आदरार्थी 'तुम्ही' किंवा 'आपण'. 'उस्तेद' हे 'बुएस्त्रा मेर्सेद', म्हणजे 'आपली कृपा', यावरून झिजत आलं, म्हणून त्याचं क्रियापद तृतीयपुरुषी असतं; आपण 'साहेब चहा घेणार का?' असं साहेबांनाच विचारतो तसं. अनेकजण असतील तर लॅटिन अमेरिकेत सरसकट 'उस्तेदेस', स्पेनमध्ये मित्रमंडळींना 'बोसोत्रोस'. अर्जेंटिनात 'तू'च्या जागी 'बोस', आणि त्याची क्रियापदंही वेगळी.

बँकेच्या पत्राला 'उस्तेद', मोबाइल गेमला 'तू'. मधल्या सगळ्या मजकुरासाठी लेखी उत्तर घेऊन ठेवा.

कोणत्या देशाची स्पॅनिश वापरावी?

स्पॅनिश 20 देशांची अधिकृत भाषा आहे. शिवाय पोर्तो रिको. सर्वांत जास्त बोलणारे मेक्सिकोत. कॉम्प्युटरला स्पेनमध्ये 'ओर्देनादोर', मेक्सिकोत 'कोम्पुतादोरा', कोलंबियात 'कोम्पुतादोर'. मोबाइल स्पेनमध्ये 'मोबिल', लॅटिन अमेरिकेत 'सेलुलार'. 'कोखेर' हे स्पेनमध्ये 'घेणे, पकडणे' असं साधं क्रियापद; मेक्सिको आणि अर्जेंटिनात ती शिवी आहे. बस पकडण्याबद्दल लिहिताना विशेष जपा.

'सगळीकडे चालेल अशी न्यूट्रल स्पॅनिश द्या' अशी मागणी वारंवार येते. तांत्रिक मजकुरात ते जमतं. जाहिरातीत जमत नाही. तिथे ती कुणाचीच भाषा वाटत नाही.

मराठीतले पोर्तुगीज शब्द कामी येतात का?

थोडेफार. 1739 साली मराठ्यांनी वसई घेतली तोवर इथल्या किनाऱ्यावर पोर्तुगीजांचा दोनशे वर्षांचा वावर झाला होता, आणि पोर्तुगीज ही स्पॅनिशची सख्खी बहीण. पाव म्हणजे 'पान', चावी म्हणजे 'याबे', पाद्री म्हणजे 'पाद्रे'. बटाट्याशी सांभाळा: स्पॅनिशमध्ये 'बाताता' म्हणजे रताळं. बटाटा स्पेनमध्ये 'पाताता', लॅटिन अमेरिकेत 'पापा'. त्या हिशेबाने वडापाव 'पापा'चा होतो.

विरामचिन्हं, मोठी लिपी?

वार, महिने, भाषांची आणि राष्ट्रीयत्वांची नावं लहान अक्षराने सुरू होतात. पुस्तकाच्या शीर्षकात फक्त पहिलं अक्षर मोठं. प्रश्नाच्या आधी उलटं प्रश्नचिन्ह लागतं. अकादमीने 1754 साली ते सुरू केलं. अपूर्णविराम म्हणजे 'दोस पुन्तोस'. 'कोलोन' लिहू नका, ते मोठं आतडं.

फुकट आणि भरवशाचा शब्दकोश कोणता?

अकादमीचा कोश इंटरनेटवर पूर्ण खुला आहे. त्याची 23वी आवृत्ती 2014 साली आली. अर्थ स्पॅनिशमध्येच दिलेले असतात, त्यामुळे पहिले सहा महिने जड जातो. शंकास्थळांसाठी अकादमीचा 2005चा वेगळा कोश आहे, तोही खुला. शब्द हे की ते, अशा भांडणात मी थेट त्यात पाहतो. परीक्षा द्यायची तर 'देले' या स्पॅनिशच्या प्रमाणपत्र परीक्षेची ए-वन ते सी-टू अशी पातळ्यांची उतरंड आहे, आणि ही परीक्षा घेणाऱ्या इन्स्तितुतो सेर्बान्तेसचं भारतातलं केंद्र दिल्लीत आहे.

'न'वरची लाट (जिने 'न'चा 'न्य' होतो) टाइप कशी करायची? आणि नाही केली तर?

मोबाइलमध्ये स्पॅनिश कीबोर्ड जोडा, किंवा इंग्रजी कीबोर्डवर 'एन' दाबून धरा. विंडोजवर आल्ट धरून उजवीकडच्या नंबर पॅडवर 164. उलट्या प्रश्नचिन्हाला 168. ज्याला इंग्रजीत 'टिल्ड' म्हणतात त्या या लाटेचं नेमकं स्पॅनिश नाव 'बिर्गुलिया'. नुसतं 'तिल्दे' म्हटलं की बहुतेकांना स्वरावरची आघाताची रेघ आठवते.

नाही केली तर 'आन्यो'चं 'आनो' होतं. 'आन्यो' म्हणजे वर्ष, 'आनो' म्हणजे गुदद्वार. बायोडेटात अनुभवाची वर्षं लिहिताना पाठवण्याआधी एकदा ती ओळ मोठी करून बघा.